काजताईची फाईल

"शर्टाची बटणं लावता येतात का तुम्हाला, आजी?" डॉक्टरांनी विचारलं, आणि लेकीनं मनातल्या मनात डोळे मिटून घेतले.

प्रश्न साधाच होता, पण चुकीच्या माणसाला विचारला गेला होता. आईनं जन्मभर काज-बटणाचं काम केलं होतं. गल्लीतल्या शिंप्यांनी शर्ट शिवायचे आणि आईनं त्यांना काजं करून बटणं लावून द्यायची. तिच्या हातचं काज शर्ट विटला, कॉलर फाटली तरी तसंच राहायचं. अशा बाईला बटणं लावता येतात का विचारायचं, म्हणजे माशाला पोहता येतं का विचारायचं.

"डॉक्टर," आई म्हणाली, "तुमच्या शर्टाची काजं मशिनची आहेत. वरून तिसरं उसवायला लागलंय. आधी ते बघा."

डॉक्टरांनी खाली बघितलं. खरंच उसवत होतं. ते हसले, अंगातला पांढरा कोट काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "लावून दाखवा."

आईनं बटण काजापाशी नेलं. ते कडेला अडलं आणि निसटलं. तिनं पुन्हा धरलं. बोटं होती तिथेच होती, पण जणू दुसऱ्या कुणाची तरी उसनी आणली होती. शेवटी तिनं कोटाची घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"काजं लहान ठेवलीत यांनी," ती म्हणाली. पण बोलताना तिनं कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

घरी हे गेले काही महिने चाललंच होतं. चमचा पडायचा. कपाचा कान हातात यायचा नाही. चालताना आई भिंतीला बोटं लावून चालायची आणि कुणी बघितलं की भिंतीवरची धूळ पुसल्यासारखं करायची. बाबा गेल्यापासून ती खचली आहे, असं येणारे-जाणारे म्हणायचे. लेकीलाही तसंच वाटत होतं. दु:खाच्या नावावर काय काय खपून जातं, हे तिला त्या दिवशी डॉक्टरांसमोर कळलं.

मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला जात होता. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. "दाब काढला तर आहे ते टिकेल, गेलेलंही बरंच परत येईल. उशीर झाला तर मात्र गेलं ते गेलं. आधी हात, मग पाय. पण कुठे, किती दाब आहे ते दिसल्याशिवाय मी मानेला हात लावणार नाही. एमआरआय करून आणा."

तपासणीच्या विभागात निळ्या कपड्यातली एक मुलगी एकेक प्रश्न विचारत होती. अंगात कुठे धातू आहे का?

"आहे की," आई म्हणाली. "डोक्यात क्लिप आहे." घरात मोटार आहे, असं सांगावं त्या थाटात.

मुलीचं पेन थांबलं. "कसली क्लिप?"

"मेंदूतली नस फुगून फुटली होती. वीसेक वर्षं झाली असतील. तेव्हा तिला चिमटा लावला."

"कुठल्या धातूचा? कुठल्या कंपनीचा?"

"मला काय ठाऊक? मी झोपले होते."

मुलीनं कागद बाजूला ठेवला आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं होतं. एमआरआयचं मशिन म्हणजे खोलीएवढं लोहचुंबक. काही क्लिपांना त्याचं काही होत नाही. काही जुन्या क्लिपा मात्र आत हलतात, आणि ती क्लिप केसभर जरी हलली तरी माणूस टेबलावरून उठत नाही. बाहेरून बघून कोणती कुठली, ते कळत नाही. दुसरी तपासणी आहे, पाठीत औषध टोचून करायची. पण त्याच जातीच्या औषधानं आईचा मागे एकदा श्वास कोंडला होता. तेव्हा तीही वाट बंद.

"ऑपरेशनचा कागद आणा," ते म्हणाले. "क्लिपच्या पाकिटावरचं लेबल त्यावर चिकटवलेलं असतं. तो कागद दाखवा, लगेच आत घेतो. कागद नाही तर तपासणी नाही. माफ करा."

तो कागद एके काळी घरात होता. अख्खी फाईल होती. पण बाबांच्या ऑफिसनं खर्चाच्या मंजुरीसाठी मूळ कागद मागितले, आणि बाबांनी सगळेच्या सगळे नेऊन दिले. झेरॉक्स काढली नाही. "ऑफिसात आहेत, म्हणजे घरात आहेत," असं म्हणाले होते. बाबांचा कचेऱ्यांवर फार विश्वास. पुढे ते ऑफिस दोनदा जागा बदलून शेवटी बंद पडलं. आणि बाबांना विचारायची सोय आता राहिली नव्हती. परवा परवापर्यंत लेक असं काही अडलं की फोन उचलायची आणि नंबर अर्धा दाबून झाल्यावर थांबायची.

ज्या हॉस्पिटलात ते ऑपरेशन झालं होतं ते मात्र जागच्या जागी होतं. रेकॉर्ड रूम तळघरात. कारकून नाकाला रुमाल बांधून बसलेला, धुळीमुळे. माणूस सज्जन होता. त्यानं आईच्या नावानं शोधलं, आडनावानं शोधलं, बाबांच्या नावानं शोधलं, पुढच्या-मागच्या वर्षांत शोधलं.

"डोक्याच्या ऑपरेशनच्या फायली आम्ही टाकत नाही," तो म्हणाला. "शिकाऊ डॉक्टरांना लागतात. पण या नावाची बाई आमच्याकडे आलेलीच नाही."

"कवटी उघडून बघा म्हणावं त्याला," घरी आल्यावर आई म्हणाली. "आतून तुमच्याच हॉस्पिटलचा शिक्का निघेल."

लेक पुन्हा गेली. पुन्हा एकदा गेली. कारकून आता तिला बघितल्या बघितल्या स्टूल पुढे सरकवायचा, आणि एवढाच काय तो फरक पडला होता. तिकडे आईनं भिंतीवरची धूळ पुसल्याचं नाटक सोडून दिलं होतं. आता ती उघडउघड भिंत धरायची. जिन्यापाशी आली की उभी राहायची आणि "पायऱ्या बघतेय" म्हणायची.

लेक सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर काम करायची. एका दुपारी एक गृहस्थ आले. त्यांना एका लेखकाचं पुस्तक हवं होतं. संगणकावर नाही, यादीत नाही, असं दुसऱ्या टेबलावरच्यानं त्यांना सांगून टाकलेलं. गृहस्थ वैतागले होते. लेकीनं नाव ऐकलं आणि उठून थेट कपाटाकडे गेली. "हे त्यांचं खरं नाव आहे," पुस्तक हातात देत ती म्हणाली. "लिहितात टोपणनावानं. पुस्तक त्याच नावाखाली लागतं. जगाला माणूस ज्या नावानं माहीत, त्या नावाखाली."

बोलता बोलता ती गप्प झाली. गृहस्थ सहीसाठी कार्ड पुढे धरून उभे होते, ते तसेच राहिले.

घरी जाऊन तिनं चपलाही काढल्या नाहीत. "आई, नस फुटली त्या दिवशी तुला हॉस्पिटलात नेलं कोणी? बाबा तर कामावर होते."

आईनं तोंड फिरवलं. "कशाला हवंय?"

"सांग ना."

"त्या कात्रीनं."

कात्री म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला टेलर. आई एके काळी सगळ्यात जास्त काम त्याचंच करायची, दुकानात बसूनच. मग त्यानं काजं करायचं मशिन आणलं. तेही आईला आधी न सांगता. आईनं भर रस्त्यात त्याला 'कापडाचा कसाई' म्हटलं, त्यानं आईला 'तोंडाला टाका घाला' म्हटलं, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बाबा गेले तेव्हा तो दारापर्यंत येऊन गेला होता म्हणे. आत आला नाही.

लेक दुकानात शिरली तेव्हा तो मशिनवर वाकला होता. चांगलाच म्हातारा झाला होता. चष्म्यावर चष्मा लावल्यासारखी जाड भिंगं.

"काका, एक विचारायचंय."

"तुझ्या आईनं पाठवलंय?"

"आईला कळलं मी इथे आलेय, तर मलाच शिवून काढेल."

त्यानं पाय मशिनवरून काढला. "मग बस."

तिनं सगळं सांगितलं. हात, पाय, क्लिप, कागद. ती थांबल्यावर त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"इथेच पडली ती," समोरच्या फरशीकडे बोट करून तो म्हणाला. "शाळेच्या गणवेशांची घाई होती. डोकं धरलं आणि पडली. कापडाचे गठ्ठे न्यायची गाडी दारात उभी होती, तिच्यात गठ्ठ्यांवर निजवून नेली. तिथे खिडकीवर विचारलं, नाव? मी म्हटलं, काजताई. आडनाव? आता आडनाव कोण सांगणार? एवढी वर्षं दुकानात बसतेय बाई, सगळी गल्ली काजताई म्हणते, मला कधी प्रश्नच पडला नव्हता. पत्ता विचारला, मी दुकानाचा दिला. निरोप धाडल्यावर तुझे वडील आले, तोवर तिला दाखल करून घेतली होती; पुढे बिलावर त्यांनी खरं नाव घालून घेतलं, पण आतल्या फाईलवर मी सांगितलेलंच राहिलं असेल."

"काजताई," लेक म्हणाली.

"लाज वाटते आता सांगायला. पण तेच लिहिलं त्यांनी."

दुसऱ्या दिवशी कारकुनानं स्टूल पुढे केलं, पण ती बसली नाही. "क मध्ये बघा," ती म्हणाली. "काजताई. आडनाव नाही."

कारकुनानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू बिचारीचं डोकं फिरलंय. पण उठला. खण ओढला, कार्डं चाळत गेला, आणि मग त्यानं नाकावरचा रुमालच खाली ओढला.

"अहो," तो म्हणाला, "आहे की!"

तळघरात कुणी तरी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. कुणी नव्हतं. म्हणून दोघं एकमेकांकडे बघून नुसतेच हसले.

पण हसू वरच्या मजल्यापर्यंतच टिकलं. वर अधीक्षकबाई होत्या. फाईल त्यांच्या टेबलावर गेली आणि त्यांनी तिच्यावर हात ठेवला. नाव वेगळं, पत्ता वेगळा, वय 'अंदाजे'. "ही तुमच्या आईची फाईल आहे, हे मी कशावरून मानू? रुग्णाला घेऊन या. आणि जो काही पुरावा असेल तो आणा."

पुरावा म्हणजे कात्रीच होता. त्याला आणायचं म्हणजे आईला सांगणं आलं. लेकीनं मन घट्ट करून सांगितलं.

"येईल तो?" आईनं विचारलं.

"येतो म्हणालाय."

"मग दुसरं पातळ काढ. हे चुरगळलंय."

चाकाच्या खुर्चीतून आई हॉस्पिटलच्या दारात पोचली तेव्हा टेलर आधीच येऊन उभा होता. इस्त्रीचा सदरा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांचं पहिलं वाक्य कोण बोलणार, म्हणून लेक खुर्ची ढकलायची थांबली.

"मशिन चालतंय का?" आईनं विचारलं.

"बंद पडलंय. चार वेळा दुरुस्त केलं."

"वाटलंच."

"तुमचं तोंड मात्र तेल न घालता चालतंय, काजताई."

आईनं खुर्चीच्या हातावर बोटं आपटली. हसू आलं की ती असंच करायची.

अधीक्षकबाईंच्या खोलीत दोघा-तिघांनाच बसायला जागा होती. कारकूनही मागे येऊन उभा राहिला, काही काम नसताना.

"आजी, ही फाईल तुमची कशावरून?" बाईंनी विचारलं.

"डोकं माझं आहे, यावरून."

"तसं नाही. समजा, ही फाईल दुसऱ्याच बाईची निघाली. तिच्यातली क्लिप चालणारी, तुमच्या डोक्यातली न चालणारी. या कागदाच्या भरवशावर तुम्हाला त्या मशिनमध्ये घातलं, तर?"

लेकीला सगळ्यात बोचलं ते हे, की बाई बरोबर बोलत होत्या.

बाई उठल्या. आईचे केस बाजूला करून त्यांनी कपाळाच्या वरची जुनी खूण पाहिली. "ऑपरेशन झालंय, हे खरं. पण अशी खूण घेऊन त्या वर्षी या इमारतीतून बरेच जण घरी गेले." मग त्यांनी फाईल उघडली, एक पान काढलं आणि दुसऱ्या कागदानं वरचा भाग झाकून लेकीपुढे धरलं. "संमतीपत्रावर पतीची सही आहे. नाव लिहिलेलं नाही, नुसती सही. आम्हाला ती वाचता येत नाही. तुम्ही ओळखता?"

बाबांची सही लेकीला झोपेतही ओळखता आली असती. एकेक अक्षर सुटं, खाली पट्टीनं मारल्यासारखी सरळ रेघ. शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर ती तशीच असायची, शेवटच्या आजारातल्या कागदांवरही तशीच होती. समोरच्या कागदावर मात्र एक रेघ सुरू होऊन खाली घसरत गेली होती. अक्षर असं एकही नव्हतं.

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण प्रश्न सहीचा नव्हता. आईच्या डोक्यात काय आहे, याचा होता.

"नाही," ती म्हणाली. "ही बाबांची सही नाही वाटत."

मागे कारकून चुकचुकला, ते ऐकू आलं.

"मला तरी दाखवा," आई म्हणाली. पण बाईंनी तोवर फाईल मिटली होती. "माफ करा, आजी. मुलीनंच नाही म्हटल्यावर…"

"थांबा बाई," टेलर म्हणाला. तो एवढा वेळ टोपी हातात धरून दाराशी उभा होता. "फाईल मिटलेलीच असू दे. रुग्णाला आणणाऱ्याची सही घेतात ना? मला एक कोरा कागद द्या."

कागद आला. त्यानं सही केली. सही कसली, दोन मोठी गोल वेटोळी आणि पुढे एकमेकींना छेदत गेलेल्या दोन लांब रेघा. बघणाऱ्याला कात्रीच दिसायची. गल्लीत त्याचं नाव पडलं होतं ते यावरूनच.

"आणि आणखी एक," तो म्हणाला. "ती पडली तेव्हा तिच्या दातांत सुई होती. काम करताना दातांत धरायची सवय. मला सोडवता येईना. इथल्या डॉक्टरांनी दातखीळ उघडून काढली. लिहून ठेवलं असेल, तर बघा."

अधीक्षकबाईंनी फाईल उघडली. पहिलं पान पाहिलं, शेजारी सहीचा कागद धरला. दोन्हीकडे तीच कात्री. मग दुसरं पान उलटलं. त्यांचे ओठ वाचताना किंचित हलत होते.

"'रुग्णाच्या दातांत शिवणाची सुई'," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "'चिमट्यानं काढली.'"

"आणि ठेवून घेतली," आई म्हणाली. "चांगली बारीक सुई होती. अजून परत आलेली नाही."

सगळ्यात आधी हसला तो कारकून. मग बाई हसल्या, आणि त्या हसल्या म्हणजे आता सगळ्यांना परवानगी, असं समजून टेलर एवढ्या मोठ्यानं हसला की बाहेरच्या शिपायानं डोकावून पाहिलं.

मग बाईंनी स्वतःहून ते संमतीपत्र काढलं आणि आईच्या पुढ्यात ठेवलं. आईनं ते डोळ्यांजवळ नेलं.

"त्यांचीच आहे," ती म्हणाली.

"बाबा अशी सही कधी करायचे नाहीत, आई."

"हात बघ किती कापलाय. रेघ ओढायलासुद्धा थारा नव्हता." तिनं त्या घसरलेल्या सहीवर अंगठा ठेवला. "मी शुद्धीवर आले तेव्हा मला म्हणाले, मी मुळीच घाबरलो नाही, मला खात्रीच होती. मी खरं धरलं. एवढी वर्षं मी मनात धरून होते, की या माणसाला माझ्यासाठी घाबरायलासुद्धा येत नाही." तिनं कागद टेबलावर ठेवला. "लबाड."

लेक खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर एक ड्रायव्हर रुग्णवाहिकेच्या काचा पुसत होता. त्याच्या दोन्ही काचा पुसून होईपर्यंत ती मागे वळली नाही.

वळली तेव्हा बाई शिपायाला सांगत होत्या, "ऑपरेशनच्या पानाचा सारांश टाइप करून द्या यांना."

"सारांश नको," आई म्हणाली. "अख्खी फाईल हवी. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, सुईसकट."

"आजी, तशी पद्धत नाही. मूळ फाईल आमची. रुग्णाला आम्ही सारांश देतो."

"मूळ तुमचीच असू द्या. मला प्रत द्या. माझ्या डोक्यात काय बसवलंय, ते मला सोडून सगळ्यांनी बघायचं?"

"पद्धत आहे, बाई," लेक म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून स्वच्छ निघाला. "खाली रेकॉर्ड रूमच्या बाहेर तुमचीच पाटी आहे. रुग्णानं स्वतः लेखी मागितल्यास संपूर्ण कागदपत्रांची प्रत मिळेल. त्या पाटीपुढे कपाट ठेवलंय, म्हणून निम्मीच दिसते. उरलेली मी कपाटाच्या मागे डोकं घालून वाचली."

"एवढं कुणी वाचतं?" बाईंनी विचारलं.

"ही वाचते," आई म्हणाली. "लहानपणी सामानाच्या पुड्यांचे कागदही सोडायची नाही."

बाईंनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून छताकडे पाहत होता.

"आहे, मॅडम," तो छताला उद्देशून म्हणाला. "पाटी आहे."

अर्ज लेकीनं लिहिला, सही आईनं केली. बोटं नीट वळेनात, म्हणून वेळ लागला. कुणी घाई केली नाही. कारकुनानं फाईलचं पान न् पान झेरॉक्सच्या यंत्रावर स्वतः ठेवलं आणि प्रत्येकावर शिक्का मारला, तोही एवढ्या जोरानं, की जणू तिचा इतके दिवस पत्ता लागला नव्हता याचा राग काढत होता. ऑपरेशनच्या पानावर कोपऱ्यात ते लेबल होतं. नखाएवढं, पिवळं पडलेलं, पण कंपनी, क्रमांक, धातू, सगळं वाचता येत होतं. टेलरनं आपली जाड भिंगं त्याच्यावर टेकवली. "एवढ्याशा चिंधीसाठी एवढा व्याप," तो म्हणाला.

"तुम्ही माझं नाव विचारून ठेवलं असतं, तर व्याप झाला नसता, कात्रीशेठ."

"विचारतो की. काय नाव तुमचं?"

आईनं सांगितलं. सबंध, आडनावासकट. त्यानं मान डोलावली. "चांगलं आहे. पण काजताईच बरं."

तपासणीच्या मोठ्या डॉक्टरांनी लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या यादीशी ताडून पाहिला, मग पुन्हा एकदा पाहिला. "चालेल," ते म्हणाले. "ही हलणारी नाही." आई आत गेली. दार बंद झालं, आत धडधड सुरू झाली. लेक बाहेरच्या बाकावर फाईल छातीशी धरून बसली, आणि आवाज थांबेपर्यंत तिनं फाईलची गाठ दहादा सोडून दहादा बांधली. दार उघडलं. आई तशीच्या तशी बाहेर आली.

"आत फार गोंगाट," ती म्हणाली. "लग्नाच्या वरातीतही एवढा नसतो."

मानेच्या डॉक्टरांनी फोटो पाहून ऑपरेशनची तारीख ठरवली आणि सवयीनं फाईलकडे हात केला. "हे आमच्याकडे ठेवा."

"शिक्क्याची प्रत माझ्याकडे राहील," आई म्हणाली. "तुम्हाला हवं तर तिची झेरॉक्स काढा. मी थांबते."

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं खांदे उडवले. डॉक्टर उठले आणि झेरॉक्स काढायला स्वतः गेले.

ऑपरेशन झालं. पहिले काही दिवस आई गळ्यात पट्टा घालून छताशी गप्पा मारत होती. मग बसायला लागली. मग पलंगाचा कठडा धरून उभी राहिली, आणि व्यायाम शिकवणाऱ्या मुलाला म्हणाली, "आता बाजूला हो, तुझ्यावर पडले तर तुझी फाईल उघडावी लागेल." घरी सोडायच्या दिवशी तिनं चाकाची खुर्ची परत पाठवली. लेकीनं हात पुढे केला, तोही बाजूला सारला. व्हरांडा लांब होता. आई सावकाश चालत होती, पाय जरा फाकवून, पण भिंत तिच्यापासून हातभर दूर होती आणि दूरच राहिली.

"दार इकडे आहे, आई."

"दाराकडे नाही जायचंय."

कागदपत्रांच्या खिडकीपुढे रांग होती. आई रांगेत उभी राहिली. लेकीला बसायला सांगितलं, स्वतः उभी राहिली. नंबर आला तेव्हा तिनं खिडकीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले.

"मानेच्या ऑपरेशनची अख्खी फाईल हवी. प्रत. शिक्का मारून."

"तुम्हाला घरी सोडल्याचं कार्ड दिलंय ना, आजी?" आतली बाई म्हणाली.

"दिलंय. ते सारांश. मला गोष्ट पूर्ण वाचायची असते."

"कोण मागतंय? मुलगी? तिची सही लागेल."

"मान माझी, मी मागतेय," आई म्हणाली. तिनं पेन उचललं आणि अर्ज स्वतः लिहायला घेतला. अक्षर मोठं होतं, थोडं तिरकं, पण एकेक अक्षर वाचता येत होतं. मागून एका बाईनं वाकून पाहिलं. तिच्या कडेवर मूल होतं, हातात पिशवीभर कागद.

"मावशी, अशी सगळी फाईल आपल्याला पण देतात?"

"मागितली तर देतात. आणि हे बघ, मूळ कागद कुणाला द्यायचा नाही. ऑफिसला नाही, डॉक्टरला नाही, जावयालासुद्धा नाही. प्रत द्यायची."

"माझ्या भावाचं हृदयाचं ऑपरेशन झालंय," रांगेतला आणखी एक जण म्हणाला. "त्याची फाईल मिळेल?"

"त्यानं स्वतः मागायला हवी. लिहून आणा त्याच्याकडून."

"आणि एक्स-रे?" तिसऱ्यानं विचारलं.

"तोही तुमचाच. हाडं कुणाची आहेत?"

आतल्या बाईनं कपाळाला हात लावला. "आजी, तुम्ही माझी रांग बिघडवली."

"रांग होती तशीच आहे," आई म्हणाली. "तोंडं उघडलीत फक्त."

यंत्र घरघरायला लागलं. पानं एकामागून एक बाहेर पडत होती. गठ्ठा खिडकीतून बाहेर आला, तो अजून कोमट होता. आईनं तो लेकीला धरू दिला नाही. स्वतःच काखेत मारला, रांगेला "चला, येते" म्हणाली आणि दाराकडे निघाली.

लेक पर्स शोधत, कागद गोळा करत मागे राहिली होती. तिनं मान वर केली तेव्हा आई व्हरांड्याच्या टोकाला पोचलेलीसुद्धा होती, आणि तिला गाठायला लेकीला चक्क पळावं लागलं.